आधी कागद, मग कुत्रं

छापखान्यात त्यांना सगळे मात्राबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पगाराच्या पाकिटावर होतं, पण तोंडात मात्राबाईच. मजकुरातला एखादा काना किंवा मात्रा गळली, की ती त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. सव्वीस वर्षं त्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलाशी बसून प्रुफं वाचत होत्या. छापखान्यात शाळेची पुस्तकं, बिलबुकं, दुकानांच्या जाहिराती असं सगळंच छापलं जाई. पण मात्राबाईंच्या वाट्याला खास काम असे ते औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या कागदांचं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये, किती घ्यावं. एकदा त्यांनी एका कागदावरचं दशांशचिन्ह उडालेलं पकडलं होतं. अर्ध्या गोळीच्या जागी पाच गोळ्या झाल्या होत्या. खाली मशीन सुरू झालं होतं. मात्राबाई लाल पेन हातात तसंच धरून जिना उतरल्या आणि उभ्या उभ्या मशीन बंद करायला लावलं. मालकांनी सगळ्यांदेखत त्यांचे आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी वाया गेलेल्या कागदावरून दिवसभर कुरकुरही केली.

घरी त्या आणि त्यांचा मोठा भाऊ. दादा बसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक दुरुस्त करत आयुष्य काढून निवृत्त झालेला. वहिनी जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा बहीणभावांनी दोन घरांचं एक घर केलं: तळमजल्यावर दोन खोल्या, मागे नळ आणि चार पावलांचं अंगण. दादाचा स्वभाव असा, की जे आवडतं त्याला तो नावं ठेवणार. चहा छान झाला की "आज काय विशेष, साखर स्वस्त झाली का?" अशी त्याची स्तुती. घरातल्या कुत्र्यालाही तो उठताबसता शिव्या देई आणि स्वतःच्या ताटातलं अर्धं त्याला चारी.

त्या कुत्र्याचं नाव ठिपक्या. आठ वर्षांचा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, जरा आळशी. एका सकाळी त्याने खाण्याला तोंड लावलं नाही. अकराच्या सुमाराला त्याचं पोट टम्म फुगलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात लावताच त्यांचा चेहरा बदलला.

"पोटाला पीळ पडलाय. माझ्याकडे हे होणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ताच्या आत्ता."

मोठ्या हॉस्पिटलात काचेचे दरवाजे होते, भिंतीवर हसऱ्या मांजरांची चित्रं होती आणि काउंटरवर एक शांत मुलगी होती. तिने शांतपणेच सांगितलं, की ऑपरेशनच्या आधी अमुक इतके पैसे भरावे लागतील. तो आकडा मात्राबाईंच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा होता. घरात होते ते जेमतेम निम्मे. दादा वर्कशॉपमधल्या जुन्या सोबत्यांकडे धावला, मात्राबाईंनी मालकांना फोन केला. हॉस्पिटलवाल्यांनी तोवर इंजेक्शन दिलं, नळी घातली, जे करता येईल ते केलं. तीन वाजता दादा पैसे घेऊन धापा टाकत आला. सव्वादोनलाच ठिपक्या बाहेरच्या बाकावर मात्राबाईंच्या मांडीवर गेला होता.

शिव्या कोणाला द्यायच्या? मुलगी सभ्य होती. डॉक्टर कामात होते. पाटीवर सगळे दर स्वच्छ लिहिलेले होते, आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मात्राबाईंना त्याही स्थितीत दिसलं आणि स्वतःचाच राग आला.

"परत कुत्रं नको," परतताना रिक्षात दादा म्हणाला. "जीव लावा आणि मग पाऊण तासासाठी भीक मागत फिरा."

तीन आठवडे मात्राबाईंनी तो विषय काढला नाही. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "कुत्रं आणायचं."

दादाने मान वर केली.

"पण आधी कागद, मग कुत्रं. त्या दिवशी जे ठरवायचं होतं ते डॉक्टरांनी ठरवायला हवं होतं. ठरवलं आपल्या पाकिटाने. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही मला."

"म्हणजे नक्की काय करणार आहेस तू?"

"ते अजून कळलं नाही. कळून घेणार आहे."

आता कोणी दुसरी असती तर चार जणींना विचारून मोकळी झाली असती. मात्राबाईंनी एक वही केली. पहिल्यांदा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, तेही दवाखाना बंद व्हायच्या वेळी, म्हणजे रांगेतल्या कोणाचा खोळंबा नको. म्हणाल्या, "मला रागवायचं नाहीये, समजून घ्यायचंय. पूर्वी कुत्र्याला दाखवायला किती कमी लागायचं. आता दर वर्षी वाढतंच चाललंय. का?"

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"माझ्या वडिलांचा दवाखाना होता तेव्हा त्यांच्याकडे थर्मामीटर, कात्री आणि दहा बाटल्या होत्या. जे बरं होणारं होतं ते बरं व्हायचं, बाकीचं मरायचं, आणि लोक म्हणायचे, आयुष्य तेवढंच होतं. आता मी रक्त तपासते, एक्स-रे काढते, पोटाची सोनोग्राफी करते. भूल द्यायचं मशीन आहे. माणसांच्या दवाखान्यात असतं तेच सगळं, आणि त्याच भावाने. पूर्वी ज्या दुखण्यात हात टेकायचो त्यात आता जनावर वाचतं, मात्राबाई. पण वाचवायला पैसे पडतात. आणि पुढच्या वर्षी जास्त पडतील, हे मी तुम्हाला आजच सांगते."

"मग लोक काय करतात?"

"बरेचसे रडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडेसे विमा काढतात. त्यातले निम्मे तो न वाचता काढतात आणि नंतर माझ्यासमोर रडतात."

हे वाक्य मात्राबाईंच्या डोक्यात बसलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी तीन कंपन्यांच्या पॉलिसींचे संपूर्ण मजकूर मागवले. गुळगुळीत रंगीत घडीपत्रकं नव्हेत, आतले चाळीस-चाळीस पानी कागद. एका कंपनीचा प्रतिनिधी ते द्यायला घरीच आला. गळ्यात टाय, बगलेत बॅग, तोंडात साखर.

"मॅडम, एवढं कोणी वाचत नाही हो. मी तुम्हाला दोन मिनिटांत समजावतो."

"मी वाचते. माझा धंदाच आहे तो. बसा, पाणी घ्या."

टायवाल्याला दोन मिनिटांच्या जागी दीड तास बसावं लागलं. मात्राबाईंच्या हातात लाल पेन होतं. "हे बघा, इथे तुम्ही 'आजीवन संरक्षण' म्हणता, आणि तेविसाव्या पानावर म्हणता, की दहाव्या वर्षानंतर नूतनीकरण कंपनीच्या मर्जीवर. मर्जी म्हणजे कोणाची? नाव सांगा त्या माणसाचं." मग, "पहिले तीस दिवस आजाराचे पैसे नाहीत, ठीक. पण गुडघा आणि कंबर यांना सहा महिने, हे वेगळ्या पानावर का लपवलंय?" मग, "बिलाचा पाचवा हिस्सा आमचा, हे कबूल. पण तो हिस्सा तुमची मर्यादा लावायच्या आधी काढता की नंतर? दोन्हींत फार फरक पडतो."

टायवाल्याने टाय सैल केला. दादा पलीकडे पेपर उघडून बसला होता, पण पेपर उलटा होता असं मात्राबाई पुढे नेहमी सांगत.

तो गेल्यावर दादा म्हणाला, "माझा विमा काढायला तुला कधी इतका उत्साह आला नाही."

"तू बोलू शकतोस. कुठे दुखतंय ते स्वतः सांगतोस, आणि तेही दिवसातून चारदा."

शेवटी त्यांनी त्या तिन्हींतली दिसायला सर्वांत साधी पॉलिसी निवडली. तिचा हप्ता सर्वांत कमी नव्हता, पण तिच्यात प्रत्येक शब्दाची व्याख्या दिलेली होती आणि एकदा सुरू झाल्यावर वयामुळे बंद करायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. लस, जंताची औषधं, नखं, कान असल्या छोट्या गोष्टी विम्यात येत नव्हत्या; त्यांच्यासाठी आणि आपल्या वाट्याच्या पाचव्या हिश्श्यासाठी त्यांनी बँकेत वेगळं खातं उघडलं आणि पगाराच्या दिवशीच त्यात ठरावीक रक्कम जाईल अशी सोय केली. कुत्रं नव्हतं तरी खातं सुरू झालं. छापखान्यातल्या बायका हसल्या. त्या हसण्याकडे मात्राबाईंनी सरळ कानाडोळा केला.

मग दीड वर्षाने कुत्रं आलं. शहराबाहेर भटक्या जनावरांना सांभाळणारं एक केंद्र होतं, तिथून आठ-नऊ महिन्यांची एक काळीभोर कुत्री मात्राबाईंनी आणली. नाव ठेवलं शाई. दादाने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ही उंबऱ्याच्या आत येणार नाही." तिसऱ्या दिवशी ती त्याच्या पायांशी घोरत होती आणि तो पाय हलवत नव्हता.

घरी नेण्याआधीच मात्राबाईंनी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. पॉलिसी घ्यायच्या आधी पूर्ण तपासणी हवी, लेखी हवी, हे त्यांच्या वहीत पहिल्या पानावर होतं. शाई किंचित लंगडत होती; डाव्या मागच्या तळव्यात काचेचा तुकडा रुतला होता. तो काढला, दोन टाके पडले. दहा दिवसांनी टाके काढायला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर होत्या. कंपाउंडरकाकांनी टाके काढले आणि शाईला दवाखान्याच्या व्हरांड्यात दोनदा पळवून पाहिलं. पळाली सरळ. विषय संपला, आणि पॉलिसी सुरू झाली.

तीन वर्षं छान गेली. हप्ता दर वर्षी थोडा वाढला, मात्राबाईंनी थोडी कुरकुर केली आणि भरला. शाई मोठी झाली, अंगाने भरली, छापखान्याच्या वाटेवरच्या मैदानात रोज सकाळी वाऱ्यासारखी पळायची. एका सकाळी तिने चेंडूमागे झेप घेतली, मधेच वळली आणि किंचाळली. मात्राबाई पोचल्या तेव्हा ती तीन पायांवर उभी होती. चौथा, डावा मागचा, हवेत लटकत होता.

"गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय," डॉक्टरीणबाई एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागेल. पट्टी आणि स्क्रू बसवतात. तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत, मात्राबाई. एक स्वस्त आहे, त्यात ती आयुष्यभर लंगडेल."

"दुसरा सांगा."

"दुसरा महाग आहे. त्यात ती पळेल."

"मग दुसरा."

"खर्च ऐकून घ्या आधी."

"ऐकते, पण उत्तर बदलणार नाही," मात्राबाई म्हणाल्या. तारीख तिथल्या तिथे ठरली. तीन दिवसांनी, सकाळी नऊला.

ऑपरेशन ठिपक्या गेला त्याच मोठ्या हॉस्पिटलात होणार होतं. मात्राबाईंनी काचेचा दरवाजा ढकलला आणि तडक काउंटर गाठला. नियम असा होता, की पैसे आधी आपण भरायचे, मग कंपनीकडे मागायचे. वेगळ्या खात्यात साडेचार वर्षांत बऱ्यापैकी साठलं होतं. तरी थोडं कमी पडत होतं. मात्राबाई काउंटरवर हिशेब करत असतानाच मागून एक हात आला आणि त्याने एक जाड पाकीट पुढे ठेवलं. दादा. ते पाकीट मात्राबाईंना माहीत होतं. वर त्याच्याच अक्षरात 'दात' असं लिहिलेलं होतं. कवळी बसवायची म्हणून तो दोन वर्षं त्यात पैसे टाकत होता.

"दादा, अरे..."

"मला काय घाई आहे? मी कोणाला चावायला निघालोय?" तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

ऑपरेशन चांगलं झालं. शाई घरी आली, दादाने स्वयंपाकघराच्या दाराला जाळीचं कुंपण बांधलं म्हणजे ती उड्या मारणार नाही, आणि मात्राबाईंनी क्लेमचे कागद भरले. कंपनीने पहिल्या दिवसापासूनची सगळी कागदपत्रं मागितली होती. मात्राबाईंनी सगळी दिली, तारखेच्या क्रमाने, कोपऱ्यात अंक घालून.

अठरा दिवसांनी पत्र आलं. दावा नामंजूर. कारण: 'पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या तपासणीत डाव्या मागच्या पायाने लंगडत असल्याची नोंद आढळते. सबब हा पूर्वीचा आजार आहे.'

मात्राबाईंनी पत्र टेबलावर ठेवलं आणि फायलीतून पहिल्या तपासणीच्या कागदाची प्रत काढली. तिच्यावर डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात एवढंच होतं: 'डावा मागचा पाय, लंगडते. औषध दिले. दहा दिवसांनी.' काचेचा शब्द नाही. टाक्यांचा शब्द नाही. लाखो ओळी तपासलेल्या बाईच्या हातात तीन वर्षं हा कागद होता, आणि त्यातलं काय गळलंय ते तिला दिसलं नव्हतं.

"माझी चूक," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी काय लिहिलंय ते वाचलं. काय राहिलंय ते वाचलं नाही."

दादाला असं बघवेना. "तो एक कागद तेवढा पाठवला नसतास तर? कोणाला कळलं असतं?"

"मला," मात्राबाई म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा जागेवर आला. "कागद खोटा नाही दादा, अपुरा आहे. अपुरा असेल तर पुरा करायचा."

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंना काच आठवत होती, पण नुसत्या आठवणीला कंपनी विचारणार नव्हती. "मी पत्र देते. पण तीन वर्षांनी दिलेलं पत्र म्हटलं की ते म्हणणार, ओळखीतलं आहे."

"तेव्हाचं काहीतरी असेलच. टाके घातले तेव्हा कोणी कुठेच लिहिलं नाही?"

कोपऱ्यात सुया उकळत असलेले कंपाउंडरकाका म्हणाले, "ड्रेसिंगची वही असते की. सुई-दोरा किती लागला त्याचा हिशेब ठेवतो मी. पण त्या वह्या माळ्यावर. आणि माळ्यावर काय काय आहे ते मलाही विचारू नका."

मात्राबाईंनी दोन रविवार त्या माळ्यावर काढले. डोक्याला रुमाल, नाकाला फडकं. जुने पिंजरे, गंजलेली वजनं, औषधांची रिकामी खोकी, आणि त्यांच्या मागे दोऱ्याने बांधलेले वह्यांचे गठ्ठे. वर्ष कशावरच लिहिलेलं नव्हतं. काही पानं उंदरांनी कुरतडली होती. पहिल्या रविवारी हाती धूळ सोडून काही लागलं नाही, घरी येऊन त्या वीस वेळा शिंकल्या आणि दादा म्हणाला, "आता तुझाच विमा काढायला हवा."

दुसऱ्या रविवारी दुपारी, सातव्या वहीत, ती ओळ सापडली. कंपाउंडरकाकांचं गोल, शाळकरी अक्षर. तारीख तीच. 'काळी कुत्री (छापखान्याच्या बाई). मागचा डावा तळवा, काच काढली. टाके २.' आणि दहा दिवसांनंतरच्या पानावर: 'तीच. टाके काढले. पळवून पाहिले. चाल सरळ.'

मात्राबाई तिथेच एका उलट्या पिंजऱ्यावर बसल्या. हसू येत होतं आणि डोळे भरत होते. धुळीमुळे असेल असं त्या म्हणत. खालून कंपाउंडरकाकांनी "सापडलं का हो?" असं विचारलं तेव्हा त्यांनी ती ओळच मोठ्याने वाचून दाखवली.

कंपनीचं कार्यालय एका मोठ्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होतं. तक्रारी ऐकायला एक चष्मेवाले अधिकारी होते. टेबलावर फायलींचा ढीग, आणि चेहऱ्यावर रोज ओरडा खाणाऱ्या माणसाचा थकवा. ओरडा ऐकायच्या तयारीने त्यांनी खांदे आधीच उंच केले होते. मात्राबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"तुमच्या पॉलिसीच्या चौथ्या पानावर 'पूर्वीचा आजार' याची व्याख्या आहे. वाचता का?"

अधिकाऱ्यांनी वाचली. "'...जो आजार किंवा जी इजा, अथवा त्याच कारणातून उद्भवलेली...'"

"थांबा. 'त्याच कारणातून'. 'त्याच पायात' असं लिहिलंय का?"

"नाही."

"तळव्यात काच होती. ही त्या दिवसाची दवाखान्याची नोंद. ही दहा दिवसांनंतरची. हे मूळ वहीचे फोटो, ही वही बघायची असेल तर दवाखान्यात आहे, या आणि बघा. हे डॉक्टरांचं पत्र. आणि हा गुडघ्याचा एक्स-रे. काच गुडघ्यापर्यंत चालत गेली असं तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं असेल, तर त्यांनी तसं लिहून सही करावी. मी पुढच्या पायरीवर जाईन."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. वहीचा फोटो बराच वेळ पाहिला. 'चाल सरळ' या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे पळवून पाहिले कोणी?"

"कंपाउंडरकाकांनी. व्हरांड्यात. दोनदा."

अधिकारी पहिल्यांदाच हसले. "बाई, लोक इथे येऊन टेबल आपटतात. व्याख्या कोणी वाचून दाखवत नाही. पुन्हा तपासायला पाठवतो. वचन देत नाही."

"वचन नको. पोच द्या, तारीख घालून."

मग वाट बघणं आलं. पंधरा दिवसांनी मात्राबाईंनी फोन केला. तीन आठवड्यांनी पत्र लिहिलं. पाचव्या आठवड्यात पुन्हा पाचवा मजला गाठला, तर अधिकारी त्यांना बघूनच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सहीला गेलंय, खरंच गेलंय." सातव्या आठवड्यात पैसे जमा झाले. सगळे नाही. पाचवा हिस्सा आपला होताच. आणि ऑपरेशननंतर शाईच्या पायाला व्यायाम देणाऱ्या बाईचे पैसे एका मर्यादेपलीकडे मिळाले नाहीत. ती मर्यादा एकतिसाव्या पानावर होती, मात्राबाईंनी तिच्याखाली पूर्वीच रेघ मारली होती, त्यामुळे त्यावर त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दादाला ओढत दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. कवळी बसल्यावर तो आठ दिवस फक्त तिला शिव्या देत होता.

वर्ष संपलं तेव्हा नूतनीकरणाची नोटीस आली आणि हप्ता चांगलाच चढला होता. दादा म्हणाला, "सोड आता. गुडघा झाला, पैसे आले, संपलं."

"दुसरा गुडघाही आहे तिला. आणि पोट आहे, दात आहेत, वय आहे." मात्राबाईंनी दोन संध्याकाळी वही घेऊन विचार केला आणि कंपनीला लिहिलं, की पाचव्याऐवजी चौथा हिस्सा आम्ही सोसू, हप्ता कमी करा. झाला थोडा कमी. वेगळ्या खात्यात जाणारी रक्कम त्यांनी तेवढ्याने वाढवली.

हे सगळं गाजलं ते कंपाउंडरकाकांमुळे. आपली वही पाचव्या मजल्यावर जिंकली हे ते येईल त्याला सांगत, आणि दर वेळी व्हरांडा थोडा लांब होई. लोक मात्राबाईंना गाठू लागले. छापखान्याच्या मालकांनी स्वतःच्या दोन मांजरांचे कागद आणले. समोरच्या इमारतीतल्या पहारेकऱ्याच्या बायकोने विचारलं, तिच्या पोपटाला चालतो का विमा. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच दवाखान्याच्या व्हरांड्यात एक टेबल टाकलं आणि मात्राबाई दर शनिवारी दुपारी तिथे बसू लागल्या. पैसे घेत नसत. त्यांनी एका पानावर तेरा प्रश्न लिहिले, विमा घेण्याआधी विचारायचे, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. मालकांनी उरलेल्या कागदावर त्याच्या दोनशे प्रती छापून दिल्या आणि या वेळी कागदावरून कुरकुर केली नाही.

डॉक्टरीणबाईही सुधारल्या. आता त्या घाईच्या अक्षरात का होईना, पण कारण लिहितात. मात्राबाई टेबलावरून ओरडून विचारतात, "कशामुळे ते लिहिलंत का?" आणि आतून उत्तर येतं, "लिहिलं हो बाई, लिहिलं."

एका शनिवारी बेकरीवाला आला. धिप्पाड माणूस, मनगटापर्यंत पीठ, आणि दोरीला अकरा वर्षांची एक कुत्री, तोंड पांढरं झालेली. त्याने कुठूनतरी एक घडीपत्रक आणलं होतं.

"ही काढायची म्हणतो पॉलिसी. सगळं मिळतं म्हणे यात."

मात्राबाईंनी वाचलं, दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. त्यांच्या या टेबलावरची ही सगळ्यांत अवघड वेळ असे.

"हिच्यासाठी हा कागद नाही, भाऊ. आठ वर्षांपुढे नवीन कुत्रं ते घेतच नाहीत. घेतलं तरी जे जे हिला आहे ते सगळं वगळणार. तुमचे हप्ते फुकट जातील."

बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. "म्हणजे उशीर झाला."

"विम्याला झाला. हिला नाही झाला." मात्राबाईंनी कोरा कागद ओढला. "बसा. जो हप्ता तुम्ही भरणार होता, तोच दर महिन्याला वेगळ्या खात्यात. त्याला हात लावायचा नाही, भट्टी फुटली तरी नाही. आता डॉक्टर आत आहेत, रांगही नाही. हिचं रक्त आजच तपासून घ्या, दात दाखवा. म्हातारपणी काय येऊ शकतं आणि त्याला काय पडतं ते त्यांच्याकडून लिहून घेऊ. आणि जे करायचं नाही तेही आजच ठरवू, तुम्ही शांत असताना. दारात उभं राहून, ती विव्हळत असताना नाही ठरवायचं ते."

तो बसला. कुत्री त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून आडवी झाली. मात्राबाईंनी कागदाच्या डोक्यावर तारीख घातली आणि विचारलं, "नाव काय हिचं?"

"म्हातारी," तो ओशाळून म्हणाला. "पिल्लू होती तेव्हापासून म्हातारीच म्हणतो."

"छान आहे," मात्राबाई म्हणाल्या आणि नीट, काना-मात्रा सांभाळून, लिहायला लागल्या.